माग चालकाचा, हिशेब कोणाचा?

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशातील ट्रकचालकांनी आपल्या गाड्या रस्त्याच्या कडेला लावल्या आणि मनमाडजवळच्या पानेवाडीतील इंधन डेपोतून टँकर बाहेर पडेनासे झाले. पेट्रोल पंपांपुढे रांगा लागल्या, आणि एरवी ज्यांची कोणी दखल घेत नाही त्या माणसांवाचून दोन दिवसही निभत नाही याचा साक्षात्कार शहरांना झाला. निमित्त होते भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमातील दुसऱ्या उपकलमाचे. बेदरकारपणे वाहन चालवून एखाद्याच्या मृत्यूस कारण होणारा आणि पोलिसांना न कळवता पळून जाणारा चालक दहा वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र ठरेल, अशी ती तरतूद. ती लागू करण्यापूर्वी वाहतूकदारांशी विचारविनिमय करू असे आश्वासन केंद्रीय गृहखात्याने दिले, तेव्हा चाके पुन्हा फिरू लागली. आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली त्या वेळी हे उपकलम त्यातून वगळण्यात आले.

संप मिटला, परंतु त्यातून पुढे आलेला प्रश्न मिटला नाही. अपघाताच्या जागी थांबावे तर जमाव काय करील याची शाश्वती नाही आणि निघून जावे तर कायदा गुन्हेगार ठरवणार, ही चालकांची तक्रार निव्वळ कांगावा म्हणून झटकून टाकता येणार नाही. दुसरीकडे मृतांचा आकडाही झटकून टाकण्याजोगा नाही. २०२३ साली भारतातील रस्त्यांवर १,७२,८९० माणसे मेली. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते आणि जवळजवळ २० टक्के पायी चालणारे होते. म्हणजे दर तीन बळींपैकी दोघांच्या अंगाभोवती पत्र्याचे कवचही नव्हते. या माणसांच्या वतीने कोणी जाब विचारू लागले तर त्यात गैर काय? गैर असलेच तर ते जाब विचारण्यात नसून तो नेमका कोणाला विचारला जातो यात आहे.

जाब विचारण्याचे साधन आता हाताशी आले आहे. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीतील बसमध्ये घडलेल्या अमानुष अत्याचारानंतर प्रवासी वाहनांवर सतत नजर असावी या विचाराने जोर धरला. केंद्रीय मोटार वाहन नियमांत नोव्हेंबर २०१६ मध्ये १२५-एच हा नियम घालण्यात आला आणि १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना, रिक्षांसारखे काही अपवाद वगळता, स्थान कळवणारे यंत्र व संकटकाळी दाबायचे बटण सक्तीचे झाले. हे यंत्र उपग्रहाच्या साह्याने गाडीचे ठिकाण व वेग टिपते आणि मोबाइलच्या जाळ्यातून नियंत्रण कक्षाला कळवते. ब्रेक करकचून दाबला, गाडी एकदम पळवली, वळण वेगात घेतले, इतकेच नव्हे तर यंत्राची वीज कोणी तोडली, याचीही वार्ता ते देते. मालवाहतुकीच्या मोठ्या कंपन्यांनी तर कायद्याची वाट न पाहता अशी यंत्रे आपल्या गाड्यांत बसवली. मालकाच्या हातातील फोनवर आता दिसते की गाडी ढाब्यावर किती वेळ उभी होती, उभ्या गाडीचे इंजिन किती मिनिटे चालू राहिले आणि टाकीतले डिझेल कोठे एकाएकी कमी झाले. महिनाअखेर चालकाला परीक्षेतल्यासारखे गुण मिळतात आणि त्या गुणांवर त्याचा भत्ता ठरतो.

प्रवाशाच्या रक्षणासाठी जन्मलेले यंत्र अशा रीतीने नोकरावर देखरेख ठेवण्याच्या कामी लागले. अर्थशास्त्राला यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. मालकाला नोकराचे काम डोळ्यांनी दिसत नाही, दिसतो तो केवळ परिणाम. आणि परिणामात नोकराच्या मेहनतीबरोबर दैवाचाही वाटा असतो. गाडी उशिरा पोहोचली ती चालक झोपला म्हणून की घाटात दरड कोसळली म्हणून, हे मालकाला कसे कळावे? बेंग्ट होल्मस्ट्रॉम या फिनलंडच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये दाखवून दिले की नोकराच्या प्रयत्नांविषयी नवी भर घालणारी कोणतीही खूण, ती कितीही धूसर असो, करारात उपयोगी पडते. २०१६ साली ज्या कामासाठी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले त्यात हा सिद्धान्त येतो. परंतु त्याची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. जी खूण नोकराचा आळस उघड करते तीच दरडीची साक्ष देऊन त्याला निर्दोषही ठरवते. माहिती वाढली की दैवाचा जो भार नोकराच्या शिरावर विनाकारण पडलेला होता तो उतरला पाहिजे, म्हणजे करारही बदलला पाहिजे. करार जसाच्या तसा ठेवून नुसती नजर वाढवणे हा त्या सिद्धान्ताचा अर्धाच उपयोग झाला.

करार बदलला म्हणजे काय घडते याचे फार बोलके उदाहरण केनियातील नैरोबी शहरात सापडते. तेथे 'मटाटू' नावाच्या खासगी लहान बसगाड्या चालतात. मालक सकाळी गाडी चालकाच्या स्वाधीन करतो आणि दिवसाच्या शेवटी ठरलेली रक्कम मागतो. त्यावरचे उत्पन्न चालकाचे. कराड-सांगलीकडची वडाप किंवा विदर्भ-मराठवाड्यातली काळी-पिवळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना या व्यवहाराची ओळख करून देण्याची गरज नाही. ठरलेली रक्कम आधी भरून काढायची असल्याने चालक खाचखळग्यांतून आडवाटेने गाडी दामटतो. गाडीची मोडतोड मालकाची, प्रवाशाचा जीव प्रवाशाचा. एरिन केली, ग्रेगरी लेन आणि डेव्हिड शोनहोल्झर या संशोधकांनी अशा २५५ गाड्यांत यंत्रे बसवली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने काही मालकांनाच त्यांची माहिती पाहू दिली. त्यांचा अभ्यास २०२४ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मालकांना माहिती मिळाली त्यांनी रोजची मागणी कमी केली. चालकांनी गाड्या अधिक तास चालवल्या, दुरुस्तीचा खर्च घटला, मालकांचा नफा वाढला आणि परस्परविश्वासही काहीसा वाढल्याची चिन्हे दिसली. देखरेख वाढल्यावर विश्वास वाढावा हे वरकरणी उलटे वाटते. पण रोज संध्याकाळी खोटे बोलल्याचा संशय सहन करणाऱ्या माणसाला, आपल्या शब्दाला आता पुरावा आहे, याचेच समाधान वाटत असले पाहिजे.

मात्र प्रवाशांच्या सुरक्षिततेचे काय झाले? ती बिघडली नाही. परंतु मालकाला वेगाची व बेदरकारपणाची माहिती पुरवल्याने ती सुधारलीही नाही. सुरक्षित गाडी चालवल्याबद्दल चालकांना रोख रक्कम देऊ केली तेव्हाच धोकादायक प्रकार कमी झाले. याचा अर्थ उघड आहे. मालकाने माहितीचा उपयोग जेथे त्याचा पैसा वाचत होता तेथे केला. रस्त्यावरच्या परक्या माणसाचा जीव त्याच्या हिशेबाच्या वहीत नव्हता, तो यंत्र बसवल्याने वहीत येत नाही.

अमेरिकेचा अनुभव याहून कडवट आहे. तेथे ट्रकचालकाने दिवसात ११ तासांहून अधिक गाडी चालवू नये असा नियम आहे, आणि तासांची नोंद चालक कागदावर करीत, म्हणजे सोयीप्रमाणे करीत. डिसेंबर २०१७ पासून ही नोंद इंजिनाला जोडलेल्या यंत्राने व्हावी अशी सक्ती झाली. तासांच्या नियमाचे उल्लंघन खरोखरच कमी झाले. परंतु स्कॉट, बॉलथ्रॉप आणि मिलर यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की अपघात घटले नाहीत, आणि लहान वाहतूकदारांकडील चालकांच्या वेगमर्यादा मोडण्यासारख्या तक्रारी मात्र वाढल्या. कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. अमेरिकन ट्रकचालकाला मोबदला बहुधा मैलावर मिळतो. गोदामाच्या दारात माल उतरण्याची वाट पाहण्यात जे तास जातात त्यांचे पैसे पुष्कळदा मिळत नाहीत, पण दिवसाचे घड्याळ चालूच असते. पूर्वी तो खोटी नोंद करून वेळ भरून काढी, आता वेग वाढवून भरून काढू लागला. यंत्राने एक खोटेपणा बंद केला आणि त्याच्या जागी दुसरा, अधिक घातक उपाय त्याच्यापुढे ठेवला. गोदामाच्या मालकाने ट्रक किती तास ताटकळत ठेवला याची नोंद त्याच यंत्रात होती. ती पाहून कोणी गोदामवाल्याला दंड केल्याचे ऐकिवात नाही.

युरोपाने हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वीच हाताळला होता आणि तोही भांडूनतंटून. युरोपीय आर्थिक समुदायाने १९७० मध्ये मालगाड्यांत 'टॅकोग्राफ' नावाचे वेग व वेळ टिपणारे यंत्र सक्तीचे केले. नंतर समुदायात आलेल्या ब्रिटनने ते मानण्यास नकार दिला. तेथील कामगार संघटना त्याला 'केबिनमधला हेर' म्हणत. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये ब्रिटन हरले. आज त्याच हेराचा आधार घेऊन चालक मालकाला 'माझे तास संपले' असे सांगू शकतो. हे स्थित्यंतर यंत्राच्या गुणामुळे घडलेले नाही, ते यंत्राभोवती रचलेल्या कायद्यामुळे घडले. २००६ च्या युरोपीय नियमानुसार सलग साडेचार तास गाडी हाकल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावी लागते. पण त्या नियमातील दहावे कलम अधिक महत्त्वाचे आहे. रस्त्यावरील सुरक्षितता धोक्यात येईल अशा रीतीने अंतरावर वा मालाच्या वजनावर वेतन देण्यास त्याने मनाई केली आहे. चालकाने नियम मोडला तर वाहतूक कंपनीही जबाबदार धरली आहे. आणि माल पाठवणारा, दलाल, सहल काढणारा या सर्वांनी ठरवलेली पोहोचण्याची वेळ तासांच्या नियमात बसणारी असली पाहिजे, असे बंधन घातले आहे. म्हणजे चालकाच्या डोळ्यांवर झापड आली तर चौकशीची वाट त्याच्या केबिनपाशी थांबत नाही, ती ज्याने वेळापत्रक आखले त्याच्या टेबलापर्यंत जाते.

भारतात चालकाच्या तासांचा कायदा नाही असे कोणी समजू नये. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास आणि पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती असे बंधन घातले, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ९१ व्या कलमाने तेच तास व्यावसायिक वाहन चालवणाऱ्या प्रत्येकाला लावले. कायदा होता, त्याचे पालन होत होते असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. रात्रीच्या खासगी गाड्या आणि लांब पल्ल्याचे ट्रक आठ तासांत थांबू लागले तर या देशातील बाजारपेठा कशा चालतील, असा प्रश्नच उलट विचारला जाई. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९६१ चा कायदा त्यांतील व्यावसायिक सुरक्षिततेच्या संहितेत विलीन झाला. आठ तासांचा दंडक राहिला. परंतु जुना कायदा पाच कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायाला लागू होत असे, नव्या संहितेत ही संख्या दहा झाली आहे. दोन-चार ट्रक बाळगणारे लहान मालक हाच भारतातील मालवाहतुकीचा कणा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या एका आकड्याने किती चालक छत्राबाहेर राहिले याची कल्पना येईल. ९१ वे कलम त्यांच्यासाठी शिल्लक आहे. ते बोट दाखवते ते मात्र रद्द झालेल्या कायद्याकडे. ते बोट आता संहितेकडे वळलेले समजावे, असा अर्थ वकील लावतील. महामार्गावरच्या निरीक्षकाने तो लावावा ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

या तासांचे मोल काय ते महाराष्ट्राने १ जुलै २०२३ च्या पहाटे पाहिले. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ उलटून पेटली आणि २५ प्रवासी जळून मेले. टायर फुटला असे प्रथम सांगण्यात आले. परिवहन विभागाच्या प्राथमिक तपासात तसे पुरावे मिळाले नाहीत, अतिवेगही दिसला नाही, आणि चालकाला झोप लागली असावी असा संशय व्यक्त झाला. पुढे मद्याचाही मुद्दा निघाला. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. परंतु वेगाच्या आकड्यावर भिस्त ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट पाहावी. वेग मर्यादेत होता, म्हणजे गुणांच्या तक्त्यावर त्या रात्री ही गाडी उत्तीर्ण झाली असती. सरकारी अहवालांत दरवर्षी दोन तृतीयांशांहून अधिक मृत्यू 'अतिवेग' या एकाच रकान्यात पडतात, कारण तो रकाना भरायला सर्वांत सोपा. चालक त्या दिवशी किती वाजता उठला होता, आदल्या रात्री तो कोठे झोपला होता, यासाठी रकानाच नाही.

एसटीकडे पाहिले तर चित्र निराळे आहे, पण सर्वस्वी निर्दोष नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावली तेव्हापासून तेथे ड्यूटी लेखी असते, हजेरी असते, आगारात विश्रांतिगृह असते. दहा लिटर डिझेलमागे चालकाने किती किलोमीटर काढले याचा हिशेबही तेथे जुना आहे. गाड्यांचा माग ठेवण्याची पद्धत नंतर आली. तरीही मुक्कामी गाडीचे उदाहरण घ्यावे. रात्री नऊला गावात पोहोचलेली बस पहाटे पाचला परत निघते. यंत्राच्या नोंदीत मधले आठ तास गाडी उभी, म्हणून चालक विश्रांतीत. प्रत्यक्षात तो व वाहक गाडीतल्याच बाकांवर, डास मारीत, कधी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर अंग टाकून पडलेले असतात. चाक थांबले म्हणजे माणूस विसावला असे यंत्र मानते. त्याला दुसरे काही मानता येत नाही.

याहूनही मोठी उणीव निराळीच आहे आणि तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. नियमाने बसवलेले यंत्र गाडीचा क्रमांक, ठिकाण, वेग, वेळ कळवते. गाडी कोण चालवीत आहे हे त्याने कळवलेच पाहिजे असे बंधन नाही. युरोपातील चालकाजवळ स्वतःचे कार्ड असते. ते यंत्रात सरकवल्यावाचून नोंद पुरी होत नाही, आणि त्या कार्डात त्याच्या कामाचा व विश्रांतीचा आठवड्यांचा इतिहास त्याच्याजवळच राहतो, तो आज एका मालकाकडे असो की उद्या दुसऱ्याकडे. येथे चालकाचे उत्तरदायित्व सिद्ध करण्यासाठी जे यंत्र आणले त्याला चालकच ठाऊक नाही. दोन चालक आलटून पालटून बसले की एकानेच सोळा तास ओढले, हे त्याच्या लेखी सारखेच. एखादी रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी दुसऱ्या मालकाच्या गाडीवर चढला तर दोन्ही गाड्यांची नोंद निर्मळ दिसणार.

बरे, जी नोंद होते ती तरी चालकाला पाहता येते काय? २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने स्वतःविषयीची माहिती मागण्याचा हक्क दिला आहे; त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. परंतु त्याच कायद्यात नोकरीच्या प्रयोजनासाठी माहिती वापरताना मालकाला संमतीची गरज नाही, आणि माहिती मागण्याचा हक्क मात्र संमतीने दिलेल्या माहितीपुरता आहे. भत्ता कापताना मालक ज्या तक्त्याकडे बोट दाखवतो तो तक्ता चालकाने मागितला तर 'नाही' म्हणण्यास कायद्याची आडकाठी दिसत नाही. जमावाच्या भीतीने पळालेल्या चालकाच्या बाजूने यंत्र साक्ष देऊ शकेल हे खरे. पण साक्षीदार मालकाच्या खिशात असेल तर तो केव्हा बोलेल आणि केव्हा मुका होईल हे मालकच ठरवणार.

वैमानिकांप्रमाणे ट्रकचालकांचेही तास ठरवून द्यावेत, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये म्हटले होते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले, हे त्या दिशेने पडलेले पाऊल स्वागतार्हच आहे. मात्र गार हवेत चौदा तास बसवलेला चालक उकाड्यात चौदा तास बसवलेल्या चालकापेक्षा कमी झोपाळू असेल, असे मानण्यास आधार नाही.

करावयाच्या गोष्टी अवघड नाहीत. अनुज्ञाप्ती आता कार्डाच्या रूपातच मिळते. ती यंत्राला दाखवल्याखेरीज व्यावसायिक गाडीची फेरी सुरू होणार नाही अशी व्यवस्था करता येईल, मग तास गाडीचे न मोजता माणसाचे मोजले जातील. फेरीचा तक्ता मालकाच्या फोनवर जातो तसा चालकाच्याही फोनवर जावा. अपघातानंतरची नोंद कोणालाही पुसता येऊ नये. एखाद्या मार्गावर एका कंपनीचे सगळेच चालक वेगमर्यादा ओलांडत असतील तर दोष चालकांच्या स्वभावात शोधण्याआधी त्या कंपनीचे वेळापत्रक तपासावे, कारण दहा निरनिराळ्या स्वभावांची माणसे एकाच ठिकाणी एकच चूक करीत नसतात. यासाठी खर्च लागेल तो थोडा. अडचण आहे ती खात्यांच्या भिंतींची. गाडी कोठे आहे हे परिवहन खात्याच्या नियंत्रण कक्षाला ठाऊक असते आणि चालकाने किती तास काम करावे हे पाहणे कामगार खात्याकडे असते. एका खात्याजवळ नोंद आहे आणि तिचे काय करावे याचा अधिकार नाही. दुसऱ्याजवळ अधिकार आहे, आणि त्याचा निरीक्षक आजही कंपनीच्या कार्यालयात जाऊन, मालकाच्याच कारकुनाने भरलेली हजेरीवही उघडून पाहतो.